पालिकेची माणसं अळ्या बघून जातात, पण डासात डेंग्यूचा व्हायरस आहे का हे कोणी तपासतं का?

बाल्कनीवाला

नमस्कार मंडळी, हा प्रश्न सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तर लोक मच्छर अगरबत्तीचे ब्रँड सुचवायला लागले म्हणून इथे विचारतोय.

पुण्यात राहतो, चार विंगची सोसायटी आहे. गेल्या पंधरवड्यात बी विंगमधे दोघं डेंग्यू पॉझिटिव्ह निघाले, एक कॉलेजचा मुलगा आणि एक आजी, दोघंही आता बरे आहेत. लगेच महापालिकेची माणसं आली, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, टेरेसवरची ताडपत्री, वॉचमनच्या खोलीमागचे टायर, सगळं बॅटरी मारून बघितलं, दोन ठिकाणी अळ्या सापडल्या, सोसायटीला नोटीस दिली, औषध टाकलं आणि गेले. काम चोख केलं, तक्रार काहीच नाही. पण अळी सापडली म्हणजे डास होणार एवढंच कळतं ना, त्या डासात डेंग्यू आहे की नाही हे कुठे कळतं? आमच्याकडे डास बारा महिने असतात, डेंग्यू बारा महिने नसतो. मग पाच-पन्नास डास पकडून लॅबला दिले आणि व्हायरस आहे का बघितलं तर कुठल्या विंगला धोका आहे ते आधीच कळणार नाही का? कोविडमधे माणसांची आरटीपीसीआर गल्लोगल्ली झाली, डासाची करायला काय हरकत आहे, त्यात एनआयव्ही म्हणजे व्हायरसवर काम करणारी राष्ट्रीय संस्था तर इथेच पुण्यात. कमिटीत दोघं-तिघं म्हणतायत की वर्गणी काढून आपणच टेस्ट करून घेऊ, त्यामुळे या लाइनमधलं कोणी असेल तर जरा खरं काय ते सांगा.

जुना_फवारणीवाला

दादा, मी कीटक समाहारक म्हणून रिटायर झालो. असं पद असतं हे कुणालाच माहीत नसतं, सोयरीक जमवताना पावणे विचारायचे की नक्की काय गोळा करता, मी म्हणायचो डास, की पुढचा चहा शांततेत.

तुमच्याकडे झाला तो कंटेनर सर्वे. शंभर घरं बघितली, आठ घरात अळ्या मिळाल्या तर हाऊस इंडेक्स आठ. त्या आठ घरात मिळून अळ्या असलेली भांडी बारा निघाली तर ब्रेटो इंडेक्स बारा. ब्रेटो ५ च्या खाली असला की साहेब लोक निवांत, ५० च्या वर गेला की जीपा पळायला लागतात. पण हे आकडे मुळात यलो फिवरच्या जमान्यातले, तो रोग पण याच डासाचा म्हणून तिथून उचललेले, डेंग्यूला ते जसेच्या तसे लागू पडतात असं नाही. आणि आणखी एक गोची आहे, दोनशे लिटरच्या ड्रममधून शेकड्याने डास उडतात आणि बाटलीच्या झाकणातून दोन, पण इंडेक्समधे दोघांची किंमत एकच. म्हणून जाणता माणूस अळ्यांबरोबर कोष पण मोजतो, कारण कोष म्हणजे दोन दिवसात उडणारच.

आता मोठे डास पकडायचं म्हणाल तर ते काम पण आम्ही केलंय. काचेची सक्शन ट्यूब, मधे जाळी, तोंडाने ओढून डास आत घ्यायचा, दुसऱ्या हातात बॅटरी. मलेरियाचा एनोफिलीस त्यामानाने सभ्य, गोठ्यात, भिंतीवर बसलेला मिळतो. डेंग्यूचा हा एडिस इजिप्ती दोरीवरच्या पँटीत, पलंगाखाली, पडद्यामागे, शाळेच्या दप्तरामागे. घरमालकीण दारात उभी आणि आपण तिच्या कपाटातल्या साड्या हलवतोय, विचार करा. तासभर फिरून तीन-चार माद्या मिळाल्या तरी दिवस चांगला गेला म्हणायचं. हे डास व्हायरससाठी पाठवायची वेळ रोज येत नाही, काही वेगळं घडलं की येते. राज्यातला पहिला झिकाचा पेशंट २०२१ ला पुरंदर तालुक्यात बेलसरला निघाला किंवा २०२४ ला एरंडवण्यात झिका निघाला, अशा टायमाला डासांचे नमुने घेतले जातात. दोन डेंग्यू केसला कोण घेणार, आणि खरं सांगू का, घेऊन फायदा पण नाही, ते लॅबवाले जास्त नीट सांगतील.

आणि एक, कमिटीला सांगा धूरफवारणीच्या मागे लागू नका. पार्किंगमधे धूर होतो, सगळ्यांना बरं वाटतं, आणि डास आत बेडरूममधे बसलेला असतो. पेशंटच्या घरात आणि आजूबाजूच्या घरात आतून पायरेथ्रम हे डास मारायचं औषध मारायचं असतं, ते विचारून घ्या.

पिपेटवाली

काकांनी बॉल माझ्याकडे टोलवला आहे तर उत्तर देते, मी व्हायरॉलॉजी लॅबमधे काम करते, कुठल्या ते राहू दे.

बाल्कनीवाले, तुम्ही असं धरून चालला आहात की जिथे डेंग्यू आहे तिथले बरेचसे डास पॉझिटिव्ह असणार. प्रत्यक्षात साथ चालू असताना सुद्धा पॉझिटिव्ह मादी फार दुर्मिळ असते. का ते बघा. मादी अंड्यातून निघते तेव्हा जवळजवळ कायम स्वच्छ असते. तिने नेमकं अशा माणसाला चावलं पाहिजे ज्याच्या रक्तात त्याच आठवड्यात व्हायरस फिरतोय. मग तो व्हायरस तिच्या पोटाच्या भिंतीतून पार होऊन लाळेच्या ग्रंथीत पोचायला आपल्याकडच्या पावसाळी तापमानाला आठ ते बारा दिवस लागतात. आणि तिचं एकूण आयुष्य दोन ते चार आठवडे, तेही पाल, कोळी आणि तुमची रॅकेट यातून वाचली तर. बहुतेक जणी त्याआधीच मरतात.

आता हिशोब करू. नुसता हिशोबासाठी धरा की तुमच्या परिसरात हजार माद्यांमागे दोन पॉझिटिव्ह आहेत. तुम्ही पन्नास माद्या पकडून पाठवल्या. त्यात एक तरी पॉझिटिव्ह सापडायची शक्यता साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे व्हायरस सोसायटीत आहे आणि तरी दहातल्या नऊ वेळा माझा रिपोर्ट निगेटिव्ह येणार आणि तुमची कमिटी पेढे वाटणार. पंच्याण्णव टक्के खात्री पाहिजे असेल तर साधारण दीड हजार माद्या लागतील. काकांच्या हाताला तासाला तीन-चार लागतात, म्हणजे बघा. आणि त्या दोन पुरेशा असतात हा खरा त्रास आहे, कारण एडिस एका जागी पोटभर पीत नाही, झटकली की उडते, दुसऱ्याला चावते, तिसऱ्याला चावते, एकच मादी अख्खं घर आजारी पाडू शकते.

लॅबमधे आम्ही एकेक डास तपासत बसत नाही, परवडत नाही. बर्फाच्या थंड प्लेटवर डास पसरायचे, जात बघायची, नर-मादी वेगळे करायचे, मग एकाच ठिकाणच्या दहा-वीस माद्यांचा एक पूल करून वाटायचा आणि त्यावर आरटीपीसीआर. पूल पॉझिटिव्ह आला तर त्यात निदान एक डास पॉझिटिव्ह आहे असं धरून हजारी दर काढतात, त्याला मिनिमम इन्फेक्शन रेट म्हणतात, मिनिमम कारण एकापेक्षा जास्त असतील तर कळायला मार्ग नाही. आता यात एक बारकी गोष्ट आहे जी मला फार आवडते. मादीच्या पोटात ताजं रक्त असेल आणि ते डेंग्यूच्या पेशंटचं असेल तर टेस्ट पॉझिटिव्ह येईल, पण मादीला लागण झालेलीच नाही, ती नुसता पेशंटचा सँपल पोटात घेऊन फिरतेय. म्हणून फुगलेल्या माद्या वेगळ्या काढतात, आणि नीट करायचं असेल तर डोकं-छाती एकीकडे आणि पोट एकीकडे कापून तपासतात. डोक्याच्या भागात सापडला तर व्हायरस पोटाच्या बाहेर पसरला आहे, मग ती खरी धोक्याची.

शिवाय डास ताजा लागतो. आरएनए फार लवकर सडतं, त्यामुळे पकडल्यापासून थंड ठेवून उणे ऐंशीच्या फ्रीझरपर्यंत आणावा लागतो. खिडकीत दोन दिवसांपूर्वी मेलेला किंवा रॅकेटवर भाजलेला डास पाकिटात घालून पाठवू नका प्लीज, लोक खरंच पाठवतात.

पुण्याचा विषय काढलाच आहे म्हणून अवांतर. जगभरातल्या डेंग्यू लॅबमधे व्हायरस वाढवायला सी६/३६ नावाच्या डासाच्या पेशी वापरतात, त्या मूळ पुण्यातल्या. एनआयव्हीचं नाव तेव्हा व्हायरस रिसर्च सेंटर होतं, तिथे १९६७ मधे के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस या डासाच्या अळ्यांपासून ही पेशींची लाइन तयार केली, पुढे १९७८ मधे इगाराशी यांनी तिचा क्लोन निवडला, तोच सी६/३६. मिसळ आणि बाकरवडीच्या यादीत हे कुणी घालत नाही.

शंकासुर

म्हणजे थोडक्यात डास तपासण्यात अर्थ नाही, तरी तुम्ही लोक तपासता आणि पेपर छापता, बरोबर? टॅक्स आमचा. 😀

एक सिरियस शंका पण आहे, अमेरिकेत म्हणे डास तपासून आधीच सांगतात की या काउंटीत व्हायरस आलाय, सावध रहा. माझा मेव्हणा टेक्सासला आहे, त्याला कार्यक्रम असल्यासारखे दर उन्हाळ्यात मेसेज येतात. त्यांना जमतं मग आपल्याला का नाही जमत?

पिपेटवाली

@शंकासुर तो बहुतेक वेस्ट नाईल व्हायरस. तो पक्ष्यांमधे आणि क्युलेक्स डासांमधे फिरतो, माणूस त्यात उगाच मधे सापडतो. माणसं आजारी पडायच्या आधी पक्षी-डास-पक्षी असं चक्र आठवडेच्या आठवडे चाललेलं असतं, त्यामुळे डासात आधी दिसतो, माणसात नंतर. म्हणून १९९९ ला न्यूयॉर्कमधे तो आल्यापासून तिकडे डासांचे पूल तपासणं नेहमीचं काम झालं. डेंग्यूचं शहरातलं चक्र म्हणजे माणूस-डास-माणूस. इथे पक्ष्याच्या जागी आपणच आहोत, त्यामुळे व्हायरस शोधायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे तापाच्या पेशंटचं रक्त. आपल्याकडे सेंटिनल म्हणजे पहाऱ्यावरची हॉस्पिटलं ठरवून दिली आहेत ती त्यासाठीच, २००७ मधे ११० होती, आता आठशेच्या वर गेली आहेत, तिथे रक्तात एनएस१ (व्हायरसचं प्रोटीन) आणि आयजीएम (शरीराने बनवलेली अँटीबॉडी) शोधायची एलायझा टेस्ट होते, आयजीएमचे किट एनआयव्हीच पुरवते.

पण डास तपासण्यात अर्थ नाही असं मी म्हटलं नाही हं. डेंग्यूची लागण झालेल्या बऱ्याच लोकांना, साधारण चारातल्या तिघांना, काही होतच नाही किंवा इतकं कमी होतं की डॉक्टरकडे जात नाहीत, आणि तरी डास त्यांच्याकडून व्हायरस उचलू शकतो. हॉस्पिटलच्या आकड्यात ही माणसं कधी येत नाहीत. मग डेंग्यूचे चार प्रकार आहेत, त्यातला कुठला फिरतोय, नवीन कुठला घुसला का, हे डासावरून पण कळतं. नर डास चावत नाही, रक्त पीत नाही, त्यामुळे नरात व्हायरस मिळाला तर तो आईकडून अंड्यातूनच आला असणार हे जवळपास नक्की. जोधपूरच्या डेझर्ट मेडिसिन रिसर्च सेंटरने एनआयव्हीच्या लोकांबरोबर २००२ मधे दाखवलं होतं की डेंग्यू-३ लॅबमधे डासांच्या पिढ्यामागून पिढ्या असा अंड्यातून जाऊ शकतो. उन्हाळ्यात व्हायरस कुठे दडून बसतो याचं एक उत्तर त्यात असू शकतं, किती मोठं उत्तर यावर मात्र लोक अजून भांडतात. आणि शेवटचं म्हणजे पकडलेल्या डासांवर औषधाची टेस्ट होते, कारण जे औषध मारताय त्याला डास दाद देतोय का हेच माहीत नसेल तर बाकीचं सगळं फुकट. हे सगळे शहराच्या पातळीवरचे प्रश्न आहेत, शेकडो ठिकाणचे हजारो डास घेऊन, वर्षानुवर्षं. एका सोसायटीने वर्गणी काढून करायचं काम नव्हे.

तोआपायोचा_अण्णा

मी मूळ सोलापूरचा, सिंगापूरला बरीच वर्षं आहे, इथलं सांगतो कारण इथे हा प्रकार रोज डोळ्यासमोर असतो. आमच्या ब्लॉकच्या कॉरिडॉरमधे काळा डबा लावलेला आहे, ग्रॅविट्रॅप म्हणतात. आत गवत कुजवलेलं पाणी, अंडी घालायला आलेल्या मादीला तो वास आवडतो, आणि डब्याच्या आतल्या बाजूला चिकट कागद, बसली की संपलं. सरकारच्या पर्यावरण संस्थेने, एनईएने, २०१७ मधे असे साधारण पन्नास हजार डबे लावले, नंतर वाढवत सत्तर हजारच्या घरात नेले. माणूस येतो, चिकटलेल्या माद्या मोजतो, त्यावरून कुठल्या भागात मोठी एडिस किती आहे ते काढतात आणि जास्त असलेल्या भागांची यादी सगळ्यांना बघायला ठेवतात.

यात मुख्य आकडा डोक्यांचा असतो, व्हायरसचा नाही. किती माद्या चिकटल्या हे बघून तिथे आधी माणसं पाठवतात. पेशंटचा हिशोब वेगळा, १५० मीटरच्या आत १४ दिवसात दोन केस झाल्या की क्लस्टर जाहीर, बिल्डिंगखाली बॅनर लागतो, दहाच्या खाली असतील तर पिवळा आणि दहा झाल्या की लाल. कुठला सेरोटाइप, म्हणजे डेंग्यूचा कुठला प्रकार, फिरतोय हे प्रामुख्याने पेशंटच्या रक्तावरूनच बघतात, आणि प्रकार बदलायला लागला की साथ येणार म्हणून आधीच बोंब मारतात.

बरं एवढं करून इथे डेंग्यू संपला का, तर २०२० ला ३५ हजारांच्या वर केसेस झाल्या, घरात अळ्या सापडण्याचं प्रमाण दोन-एक टक्क्यांवर असताना. उलट डास कमी केल्यामुळे लोकांना आधीची लागणच झालेली नसते, इम्युनिटी कमी, मग थोडे डास पण पुरतात. त्यामुळे हाऊस इंडेक्स कमी आहे म्हणून कुणी छाती फुगवत असेल तर त्याला इकडे पाठवा. २०१६ पासून वोल्बाकिया नावाचा बॅक्टेरिया घातलेले नर डास सोडायचा कार्यक्रम पण चालू आहे, लिफ्टपाशी सकाळी डासांचा थवा उडताना बघून माझी आई इतकी चिडली होती की विचारू नका, तिला समजावलं की हे चावत नाहीत, यांच्याशी जोडी जमली की मादीची अंडी वांझ निघतात, तर म्हणे सरकार विकत आणून डास सोडतंय आणि आपल्या घरात कुंडीत पाणी दिसलं तर दोनशे डॉलर दंड.

बाल्कनीवाला

बापरे, एवढं डिटेल अपेक्षित नव्हतं, सगळ्यांचे आभार. पिपेटवाली ताई, दीड हजारचा आकडा कमिटीच्या ग्रुपवर टाकला, वर्गणीचा विषय तिथेच बसला. पण आमच्या खजिनदारांनी नवीन फाटा काढलाय, ते म्हणतात मेडिकलवाल्याकडे डेंग्यूचं एनएस१ रॅपिड किट मिळतं, त्यात रक्ताच्या जागी डास चिरडून टाकला तर? हसू नका, ते केमिकल इंजिनियर आहेत.

पिपेटवाली

हसत नाहीये, खजिनदारांना माझ्याकडून शाबासकी द्या. मलेशियात संशोधकांनी अगदी हेच केलंय, चिकट ट्रॅपमधे सापडलेल्या एडिस माद्या घेतल्या, एनएस१ किटवर तपासल्या, आणि पॉझिटिव्ह डास सापडल्यानंतर आठवड्याभराने त्या परिसरात पेशंट निघाले असं त्यांना दिसलं. दिल्लीत पण एकेका डासावर एनएस१ एलायझा करून बघितली आहे. एनएस१ हे प्रोटीन आहे, ते आरएनएपेक्षा दमदार, ट्रॅपमधे मेलेल्या डासात सुद्धा टिकतं, म्हणून ही कल्पना लोकांना आवडते. पण तिकडे ट्रॅप भरपूर होते आणि आठवड्यामागून आठवडे चालू होते. तुमच्या हातात पाच डास येणार, पाची निगेटिव्ह, परत तोच हिशोब, फक्त इथे शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा. किट माणसाच्या रक्तासाठी बनवलेलं असतं, डासाचा लगदा किती पातळ करायचा, पुसट रेघ आली तर काय समजायचं, हे सगळं आधी बसवावं लागतं. त्या पैशात टाक्यांच्या झाकणांच्या फटी बुजवा.

मोजायचंच असेल तर व्हायरस सोडून द्या आणि अंडी मोजा. काका, ओव्हिट्रॅप म्हणजे अंडी धरायचा डबा कसा करायचा ते सांगा ना यांना, तुम्ही जास्त नीट सांगाल.

जुना_फवारणीवाला

सांगतो. अर्ध्या लिटरचा काळा डबा घ्या, काळाच पाहिजे, नाहीतर बाहेरून काळा रंग मारा. दोन तृतीयांश पाणी, वरच्या बाजूला एक भोक पाडा म्हणजे पावसाने भरून वाहणार नाही. आतून कडेला ब्लॉटिंग पेपरची पट्टी लावा, अर्धी पाण्यात अर्धी वर. मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी घालते, काळी, मिलिमीटरपेक्षा बारीक, दोन्ही टोकं निमुळती, पोरांच्या भिंगातून मस्त दिसतात. सावलीत, जमिनीलगत, कुंड्यांच्या मागे, पार्किंगच्या कोपऱ्यात ठेवा, प्रत्येक विंगला सारखेच डबे, नाहीतर तुलना काय करणार. दर रविवारी पट्टी काढा, अंडी मोजा, वहीत लिहा, डबा घासून नवीन पाणी. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात त्यामुळे आठवडा चुकवायचा नाही, चुकवला तर आपणच डास पाळले असं होईल. काढलेली पट्टी कचऱ्यात फेकायची नाही, अंडी सुकी राहून महिनोन् महिने जिवंत असतात, उकळतं पाणी ओता किंवा जाळून टाका.

याने डेंग्यू आहे की नाही ते कळणार नाही, पण बी विंगच्या डब्यात दीडशे आणि डी विंगच्या डब्यात चार आली तर बी विंगजवळ काहीतरी पाणी साठलंय आणि ते अजून कुणाला सापडलेलं नाही एवढं नक्की. हा डास शंभर-दोनशे मीटरच्या पलीकडे फारसा जात नाही, त्यामुळे शोधायला लांब जावं लागत नाही. बहुतेक वेळा बंद फ्लॅटची बाल्कनी किंवा लिफ्टचा खड्डा निघतो.

बाल्कनीवाला

लिफ्टचा खड्डा!! तिथे कुणीच बघितलं नाही. उद्याच लिफ्टवाल्याला बोलावतो. काका, ब्लॉटिंग पेपर हल्ली मिळत नाही हो, साधा कागद चालेल का?

जुना_फवारणीवाला

वहीचा कागद दोन दिवसात लगदा होतो. शाळेच्या दुकानात फिल्टर पेपर मिळतो तो घ्या, नाहीतर खरबरीत लाकडी पट्टी किंवा सुती कापडाचा तुकडा चालतो. गुळगुळीत काही लावू नका, त्यावर ती अंडी घालत नाही. आणि डब्यांवर नंबर टाकून वॉचमनला सांगून ठेवा, नाहीतर तो प्रामाणिकपणे पहिल्याच दिवशी सगळे ओतून देईल.